टाकीत डोकावलं की चालू होणारं इंजिन

ही गोष्ट २०४७ सालची. मी तेव्हा अकरा वर्षांची होते, आणि आमच्या गावातलं शेवटचं पेट्रोलचं इंजिन माझ्या आजोबांच्या होडीवर होतं. त्या वर्षीच्या दसऱ्यापासून ते भर पाण्यात बंद पडायला लागलं. इंजिनं बंद पडतातच, त्यात नवल नाही. नवल पुढेच होतं. ते पुन्हा चालू करायला काहीच दुरुस्ती लागत नसे. आबा टाकीचं झाकण उघडून आत डोकावत, इंधन आहे ना ते बघत, झाकण परत घट्ट लावत, चालू करायची दोरी ओढत, आणि इंजिन गुरगुरायला लागे. नुसतं बघितलं, की चालू.

"त्याची कुणीतरी विचारपूस केलेली लागते," आबा म्हणायचे.

गावातले लोक हसायचे. मला हसू येत नसे, कारण त्या इंजिनावर माझं आणि आबांचं एका घरात राहणं अवलंबून होतं.

आमचं गाव पाणशेंडी. कोयनेच्या जलाशयाच्या एका चिंचोळ्या फाट्यावर वसलेलं, मागे जंगल आणि पुढे पाणी. रस्ता नव्हता. शाळा, दवाखाना, बाजार सगळं पलीकडच्या काठावर, कुसवड्याला. होडीनं चाळीस मिनिटं लागत. इतर गावांना एव्हाना विजेवर चालणाऱ्या, स्वतःच वाट शोधणाऱ्या लाँचा मिळाल्या होत्या. आमचा नंबर दोन वर्षांनी होता. तोवर सगळी मदार 'हौसा'वर. हौसा म्हणजे आबांची होडी, आणि हौसा म्हणजे माझी आजीसुद्धा. आबांनी लग्नाच्या वर्षी होडी घेतली, तेव्हा दोघींचं नाव एकच ठेवलं. आजी मात्र २०४७ च्या वैशाखातच गेली होती. आई-बाबा रत्नागिरीच्या समुद्रातल्या पवनचक्क्या सांभाळायला असत, ते तीन-तीन महिन्यांनी येत. घरात मी आणि आबा.

दसरा ते दिवाळी एवढ्यात होडी कितीतरी वेळा बंद पडली. शेवटच्या वेळी आम्ही सहा मुलं होडीत होतो आणि वाऱ्यानं होडी पाण्यात बुडालेल्या जुन्या झाडांच्या खोडांकडे ढकलली. कुणाला काही झालं नाही, पण दुसरीतला सावळा नावाचा पोरगा इतका रडला, की त्याची आई थेट सरपंचांकडे गेली.

सरपंच होत्या यशोदाकाकू शेलार. दुसऱ्या दिवशी त्या आमच्या अंगणात आल्या, पाणी प्यायल्या आणि आबांना म्हणाल्या, "तात्या, दिवाळीची सुट्टी संपली की सोमवारी मी स्वतः बसते होडीत. एका दमात कुसवड्याला पोचलो तर माझं काही म्हणणं नाही. मधे बंद पडली तर होडी कायमची काठाला लावायची. आणि पोरं साताऱ्याच्या वसतिगृहात जातील. इरावतीपण."

"रास्त आहे," आबा म्हणाले.

त्या संध्याकाळी त्यांनी माझ्या ताटात भाकरी वाढली आणि स्वतःची अर्धी तशीच ठेवली. "वसतिगृहात गरम पाणी असतं म्हणे आंघोळीला," ते म्हणाले. "चुलीचा धूर नाही, काही नाही."

मी त्यांचं ताट त्यांच्याकडे सरकवलं. चुलीच्या धुराबद्दल मी कधी तक्रार केली नव्हती.

मदतीला धावून आली टिटवी. टिटवी हा यंत्रमानव होता, पण माणसासारखा मुळीच दिसत नसे. उपडी ठेवलेली मोठी परात, पाठीवर सूर्यप्रकाशापासून वीज करणारे पत्रे, खाली चिखलात उभं राहायला तीन लांबसडक पाय. पुण्यातल्या एका संस्थेनं तिला जलाशयातला गाळ मोजायला सोडलं होतं. ऊन कमी पडलं, की ती आमच्या धक्क्याशी येऊन थांबे. तिचे डोळे पोटाखाली होते, कारण तिचं काम पाण्याच्या तळाशी. वरचं तिला दिसत नसे, फक्त ऐकू येई.

"टिटवी, तुला इंजिन दुरुस्त करता येतं?" मी शनिवारी सकाळी विचारलं.

"नाही. माझ्यात इंजिन नाही, मोटर आहे. मला फक्त मोजता येतं आणि विचारता येतं."

"मोजून होडी चालती व्हय?" आबा जाळं गुंडाळता गुंडाळता म्हणाले. "मग आमच्या गावची जनगणनावाली बाई आजवर दर्यापार गेली असती."

"आबा, इंजिनाला चालायला काय काय लागतं?" टिटवीनं विचारलं.

"तीन गोष्टी. इंधन, हवा आणि ठिणगी."

"मग तिघांपैकी कोण गैरहजर राहतं, ते शोधू. एका वेळी एकच तपासायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर कुणामुळे काय झालं ते कळत नाही."

आबांनी तिच्याकडे जरा निराळ्या नजरेनं पाहिलं. "हे मला इंजिन शिकवणारा उस्तादपण सांगायचा," ते म्हणाले.

आधी ठिणगी. आबांनी स्पार्क प्लग (इंधनाला पेटवणारी ठिणगी पाडणारा भाग) काढून दाखवला. कोरडा, तपकिरी, स्वच्छ. ठिणगी कडक पडत होती. मग हवा. इंजिनात हवा जायच्या वाटेवर कोळ्याचं जाळं नाही, पालापाचोळा नाही. मग इंधन. आमच्या पेट्रोलमध्ये उसापासून केलेलं इथेनॉल भरपूर असे, आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. म्हणून आबांनी टाकीच्या तळाचं थोडं इंधन काचेच्या बरणीत काढून तासभर सावलीत ठेवलं. पाणी शिरलं असतं, तर तळाशी वेगळा थर दिसला असता. थर नव्हता. गाळणीतही कचरा नव्हता.

"तिघंही हजर," मी वैतागून म्हणाले.

"काठावर हजर," टिटवी म्हणाली. "पाण्यात कोण पळून जातं, ते पाण्यातच बघावं लागेल."

म्हणून दुपारी आम्ही तिघं काठाकाठानं फेऱ्या मारायला निघालो. टिटवी बाजूनं पोहत वेळ मोजत होती, मी वहीत लिहीत होते. टाकी गळ्यापर्यंत भरलेली असताना इंजिन नवव्या मिनिटाला बंद पडलं. आबांनी झाकण उघडलं, बघितलं, लावलं, इंजिन चालू. थोडं इंधन काढून घेऊन पुन्हा निघालो, तेव्हा एकविसाव्या मिनिटाला बंद पडलं. टाकी अर्धी केली, तर पाऊण तास झाला तरी बंद पडायचं नाव नाही.

मी वही आबांना दाखवली. "म्हणजे इंधन जास्त असलं की लवकर बंद पडतं?"

"उलटंच की," आबा म्हणाले. "आणि मी मेला दर खेपेला काळजीनं टाकी काठोकाठ भरत आलो."

"आबा, झाकण उघडताना एक आवाज येतो," टिटवी म्हणाली. "हुस्स असा."

"टाकी सुस्कारा टाकती."

"ती हवा बाहेर येते, की आत जाते?"

ते बघायलाच हवं होतं. मग मी घरातून वातीचा कापूस आणला. रविवारी सकाळी पुन्हा टाकी भरली, इंजिन पुन्हा नवव्या मिनिटाला बंद पडलं, आणि आबा झाकण सैल करत असताना मी कापसाचा एक तंतू त्याच्या कडेशी धरला. तंतू झाकणाच्या फटीकडे ओढला गेला आणि तिथेच चिकटून बसला.

"आत," मी म्हणाले. "हवा आत जाते."

मग मला आणखी एक गोष्ट दिसली. टाकीपासून इंजिनापर्यंत जी नळी जाते, तिच्या मधे एक रबरी फुगा असतो. सुरुवातीला तो दाबून इंधन पुढे ढकलतात. तो फुगा झाकण उघडायच्या आधी चपटा झाला होता, आजारी माणसाच्या गालासारखा. झाकण उघडताच तो टुम्म फुगला. मी ते टिटवीला सांगितलं.

"चपटा," टिटवी हळूच म्हणाली. तिला काही सापडलं, की ती हळू बोले. "इरावती, तुझ्याकडे प्लास्टिकची पाण्याची बाटली आहे? आणि आत पोकळ असं काहीतरी, चोखायला?"

आमच्याकडे पपईचं झाड होतं. पपईच्या पानाचा देठ पोकळ असतो, आम्ही मुलं त्यानंच सरबत प्यायचो. मी बाटलीत काठोकाठ पाणी भरलं, त्यात देठ खोचला, आणि टिटवीनं सांगितलं तसं बाटलीचं तोंड भिजवलेल्या कणकेनं बंद केलं. देठाभोवती कुठे फट ठेवली नाही.

"आता पाणी पी."

पहिला घोट आला. दुसरा जेमतेम आला. तिसऱ्याला माझे गाल आत गेले, बाटलीचे गालही आत गेले, आणि पाणी काही येईना.

"चांगली ओढ की," आबा म्हणाले. "भाकरी खाल्लीस ना?"

"येतच नाही."

"तू पाणी ओढतेस असं तुला वाटतं," टिटवी म्हणाली. "खरं तर तू ओढत नाहीस. तू तोंडातली हवा विरळ करतेस, एवढंच. पाणी वर ढकलते ती बाटलीतली हवा. आपल्याभोवती सगळीकडे हवा आहे आणि तिला वजन आहे. ती प्रत्येक गोष्टीवर सगळ्या बाजूंनी रेलून असते. तिच्या या रेलण्याला हवेचा दाब म्हणतात (हवा एखाद्या पृष्ठभागावर लावते तो जोर). बाटलीतून एक घोट पाणी गेलं, की तेवढी जागा रिकामी झाली. बाहेरून नवी हवा यायला वाट नाही. मग आतली थोडीशी हवा त्या मोठ्या जागेत पसरते आणि विरळ होते. विरळ हवेचा जोर कमी. शेवटी ती पाणी ढकलू शकत नाही."

आबांनी खिशातून जाळं शिवायचं दाभण काढलं आणि कणकेला एक भोक पाडलं. बाटली फट्कन सरळ झाली. मी देठ तोंडात धरला, आणि पाणी असं आलं, की ठसका लागला.

"म्हणजे इंजिन तहानेनं मरतंय," आबा म्हणाले, "आणि टाकी भरलेली."

"आणि अर्ध्या टाकीला काही का होत नाही?" मी विचारलं.

"अर्ध्या टाकीत आधीपासूनच पुष्कळ हवा आहे. शंभर मुलांच्या मोठ्या वर्गात एका बाकाची जागा वाढली, तर कुणाला कळतसुद्धा नाही. पण भरलेल्या टाकीत हवा मूठभर. चारच मुलं, आणि वर्ग अचानक दुप्पट मोठा झाला. मग ती मुलं किती कोपरे सांभाळणार?"

आबांनी दाभण खिशात ठेवलं. मग म्हणाले, "जुन्या पत्र्याच्या टाकीला झाकणावर एक पितळी चावी होती. उस्तादानं पहिल्या दिवशी सांगितलेलं, आधी चावी सोड, मग दोरी ओढ. पंचेचाळीस वर्षं रोज सोडली. का सोडायची, ते कधी विचारलं नाही. श्रावणात ती टाकी गंजून फुटली, ही नवी आणली. हिला चावीच नाही. मी म्हटलं, नव्या मालाला लागत नसंल."

"श्रावणात आणली, आणि बंद पडायला लागली दसऱ्यापासून," टिटवी म्हणाली. "मधले दोन महिने ती श्वास कुठून घेत होती? झाकणात कुठेतरी बारीक भोक असलं पाहिजे. इरावती, नीट बघ. मला वरचं दिसत नाही."

मी झाकणाकडे बघितलं. मधोमध मीच लावलेलं कुंकू होतं.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. कोयता, विळी, दाभण, होडी, इंजिन, सगळ्यांना हळदीकुंकू. दर वर्षी ते आजी करायची. त्या वर्षी ते मी केलं. आजी कपाळाला आधी बोटभर मेण लावायची आणि त्यावर कुंकू, म्हणजे दिवसभर पुसत नसे. तिचा मेणाचा लाकडी करंडा माझ्याकडे होता. मला वाटलं, होडीवर तर सारखं पाणी उडतं, साधं कुंकू टिकायचं नाही. आणि टाकीच्या झाकणावर बरोब्बर मधोमध एक बारीक खळगा होता. मला वाटलं, तो कुंकवासाठीच केलाय. मी त्यात मेण दाबून भरलं आणि वर छान गोल कुंकू लावलं.

ते तसंच होतं. लालभडक. महिना होऊन गेला तरी पुसलं नव्हतं, कारण इंधन भरताना आबा झाकण कडेनं धरत. ते पहिल्यांदा बघून ते म्हणाले होते, "अगदी हौसाच्या हातचं वाटतं गं." आजी गेल्यापासून ते तेव्हा पहिल्यांदा हसले होते.

"काय दिसतं?" टिटवीनं विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले.

 "मग तशी नोंद करते," ती म्हणाली.

मी स्वतःची समजूत घातली, की झाकण सैल ठेवलं की झालं. आबांनाही तोच उपाय सुचला. कुंकू राहील, होडी चालेल, आणि हे सगळं माझ्यामुळे झालं हे कुणाला कळणार नाही.

सोमवारी सकाळी यशोदाकाकू आल्या. हातभर हिरव्या बांगड्या, त्यांत अडकवलेल्या चार-पाच सेफ्टी पिना, काखेत छत्री. त्यांच्यामागून दप्तरं घेऊन पाच मुलं. आबांनी टाकी गळ्यापर्यंत भरली होती. दोन फेऱ्यांचं इंधन बरोबर न्यायचं, हा त्यांचा जुना नियम. टिटवी बाजूनं पोहत निघाली. काठ सुटून मिनिटभर झालं असेल, तोच एक लाट होडीत उडाली, टाकी हिंदकळली आणि सैल झाकणाखालून इंधन सांडलं.

"तात्या, झाकण सैल आहे," काकू म्हणाल्या. "पोरं बसलीत. पेट्रोल सांडू देताय?"

"हवेला ठेवलंय, यशोदा."

"हवेला काय, ते वाळवण आहे? लावा घट्ट."

त्यांचं बरोबर होतं. आबांनी माझ्याकडे बघितलं, मग झाकण फिरवून घट्ट लावलं. मी मनात मिनिटं मोजायला लागले. पाच. सहा. सावळा माझ्या शेजारी बसून पाय हलवत होता. त्याच्या मागे त्या बुडालेल्या झाडांची काळी टोकं दिसत होती. सात. रबरी फुग्याचे गाल आत जायला लागले. आबांनी इंजिनावर तळहात ठेवला होता, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. आठ.

इंजिन खोकलं आणि बंद पडलं.

 पाण्याचा चुबुक चुबुक आवाज येत राहिला. काकूंनी छत्री मांडीवर आडवी ठेवली आणि त्या म्हणाल्या, "तात्या, मला वाईट वाटतं. पण..."

"मी केलंय," मी म्हणाले.

"काय केलंस?"

"टाकीचं नाक मी बुजवलंय. खंडेनवमीला. आजीचं मेण लावून. हवा आत जायचं भोक त्याखाली आहे. मला काल कळलं, पण मी सांगितलं नाही." आणि मग मला रडू आलं. "आबांची काही चूक नाही. इंजिनाचीपण नाही."

आबा टाकीशी वाकले. त्यांनी त्या लाल ठिपक्याकडे पाहिलं. बोट जवळ नेलं आणि मागे घेतलं.

"काढायचं का?" त्यांनी विचारलं. कुणाला विचारलं, ते मला अजून ठाऊक नाही.

"काढा की," असं आजी म्हणाली असती. ते मीच मनात म्हटलं. मोठ्यानं म्हणाले, "मी दुसरं लावीन. बाजूला."

काकू पुढे सरकल्या. त्यांनी बांगडीतली एक पिन काढली, उघडली आणि माझ्या हातात दिली. मी पिनेचं टोक कुंकवाच्या मधोमध टोचलं. मेण मऊ होतं. टोक खाली गेलं, आणखी खाली गेलं आणि एकदम पोकळीत शिरलं.

हुस्स.

रबरी फुगा आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत टुम्म झाला. सावळा टाळ्या वाजवायला लागला. मी खळग्यातलं मेण पिनेनं कोरून काढलं, आबांनी फुगा दोनदा दाबून दोरी ओढली, आणि या वेळी टाकीत कुणीही डोकावलं नाही.

कुसवड्याच्या धक्क्यापर्यंत यशोदाकाकूंची नजर त्या फुग्यावर होती. उतरताना म्हणाल्या, "होडी बंद पडली, हे खरं. पण बंद का पडली ते सांगता येणारी माणसं होडीत आहेत, हेपण खरं. उद्या सकाळी पोरं याच होडीनं शाळेला येतील. आणि तात्या, माझी पिन राहू द्या टाकीपाशी."

त्या संध्याकाळी मी टिटवीला खरं काय ते सांगितलं. "नोंद दुरुस्त केली," ती म्हणाली. "इरावती, चुकीची नोंद दुरुस्त करता येते. न सांगितलेली करता येत नाही." मग थोड्या वेळानं म्हणाली, "आता ते कुंकू कुठे आहे?"

"भोकाच्या शेजारी. करंगळीएवढं अंतर सोडून."

"बरं. तीही नोंद करते."

आता या सगळ्याला त्रेसष्ट वर्षं झाली. विजेची लाँच दोन वर्षांच्या ऐवजी चार वर्षांनी आली, आणि तोवर 'हौसा'नं आम्हां सगळ्यांना शाळेत पोचवलं. त्यानंतर आबा मासेमारीपुरती होडी चालवत राहिले. ते ब्याऐंशीव्या वर्षी गेले, आदल्या दिवशी जाळं शिवून झालं होतं. यशोदाकाकू आणखी दोनदा सरपंच झाल्या. सावळ्यानं लाँचीवर नोकरी धरली आणि तिथे काही बिघडलं, की तो आधी विचारायचा, "काल काय बदललं होतं?" टिटवीला संस्थेनं परत बोलावलं, तिचे पाय गंजले होते. पण तिच्या सगळ्या नोंदी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. गाळाच्या हजारो आकड्यांच्या मधे एक ओळ आहे: टाकीचे भोक मोकळे, कुंकू शेजारी.

मी पाण्याच्या टाक्या करायला शिकले, त्याही चंद्रावरच्या पहिल्या वस्तीसाठी. तिथे एक मोठा पेच होता. चंद्रावर हवाच नाही. टाकीला भोक पाडलं, तर आत ढकलायला बाहेरून कोण येणार? उलट, होतं ते पाणीच त्या भोकातून पळून जाईल. निर्वात (जिथे हवा अजिबात नाही) अशा जागी पाण्याला ढकलणारं कुणीतरी आपणच बरोबर न्यावं लागतं. म्हणून आम्ही टाकीच्या आत वायूनं भरलेला एक रबरी फुगा बसवला. पाणी कमी होईल तसा तो फुगत जातो आणि उरलेल्या पाण्याला ढकलत राहतो. त्याचा पहिला नमुना मी घरी केला होता. प्लास्टिकची बाटली, एक फुगा, कणीक आणि पपईचा देठ घेऊन.

परवा माझ्या नातीनं विचारलं, मंगळावर अशी टाकी चालेल का. तिथे हवा आहे, पण फार विरळ. मी म्हटलं, मला ठाऊक नाही, तू मोजून बघ. ती आता अंगणात बसून मोजते आहे. शेजारी 'हौसा'च्या टाकीचं ते जुनं झाकण ठेवलंय, त्यात यशोदाकाकूंची पिन अडकवलेली. या खंडेनवमीला कुंकू तिनं लावलं. आधी भोक कुठे आहे, ते मला विचारून.